अंजिराचं ताट कुठलं?

माझी बायको अंजिरा गेली त्या दुपारी मी मागच्या अंगणात कोयत्याला धार लावत बसलो होतो. पुढच्या खोलीत तिची काचेची आणि चिनी मातीची भांडी आहेत, तीन कपाटं भरून. ती सगळी एकदम वाजली. फुटली नाहीत, नुसती वाजली. देवळातली लहान घंटा कुणी हलक्या हातानं हलवावी तशी, आणि गप झाली. आमच्या कुसगावजवळच्या डोंगरात बोगद्याचं काम चाललंय. तिथं सुरुंग उडाला की भांडी अशी वाजतात, म्हणून मी मान वर केली नाही. "आज लवकर उडवला गं," असं बसल्या जागेवरून ओरडलो. आतून उत्तर आलं नाही. ती कमीच बोलायची, त्यामुळं त्याचंही काही वाटलं नाही. कोयत्याला धार आली, मग विळ्याला लावली, तरी चहा येईना, तेव्हा उठून आत गेलो. ती कपाटासमोर स्टुलावर बसली होती. एका हातात मऊ फडकं, दुसऱ्या हातात उंच दांडीचा ग्लास. ग्लास धड होता... चार दिवसांनी कळलं की त्या दिवशी बोगद्याचं काम बंद होतं. सुरुंग उडालाच नव्हता.

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. झालं तसं सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. सगळी नोकरी रेल्वेच्या लाइनीवर गेली, चावीवाला म्हणून. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकायची आणि रुळाचा आवाज ऐकायचा. चांगला रूळ गातो, तडा गेलेला रूळ बद्द बोलतो. अंजिराचं कामही तसंच निघालं, फक्त तिच्याकडं हातोडा नव्हता. ग्लास दोन बोटांत दांडीला धरायची, कडेवर नखानं टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायची. दिसत नाही असा तडा तिला ऐकू यायचा. लग्न झाल्यावर ती लोणावळ्याच्या बंगल्यांत भांडी घासायला जाऊ लागली, तिथं ही विद्या शिकली. भांडं फुटलं की बोलणी मोलकरणीला, म्हणून आधीच तडा गेलेलं कुठलं ते माहीत पाहिजे, एवढंच त्याचं कारण.

मग बंगले पडायला लागले. म्हातारी माणसं गेली, पोरं परदेशात, जागा हॉटेलवाल्यांनी घेतल्या. पाडायच्या आधी घर रिकामं करायचे तेव्हा पलंग, कपाटं, झुंबरं टेम्पोत चढायची आणि भांड्यांचा ढीग अंगणात पडायचा. सहांतल्या चारच ताटल्या, झाकण नसलेलं सूपचं भांडं, एकुलता एक नक्षीचा ग्लास. जोड तुटली की त्याला कोण विचारतो. अंजिरा तिथं जाऊन उभी राहायची आणि तिथल्या माणसाला विचारायची, "ह्याच्यात कोन जेवायचं?" त्याला माहीत नसलं की ती त्या घरच्या जुन्या मोलकरणीला शोधत कुठल्या कुठं जायची. एकदा एका बशीपायी घोरावाडीपर्यंत गेली, स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका बाईला विचारायला. उत्तर मिळालं तरच वस्तू घरी यायची. नाव न कळलेली वस्तू कितीही देखणी असली तरी तिनं आणली नाही.

मी म्हणायचो, "मेलेल्यांची भांडी गोळा करतीस. उद्या ते न्यायला येतील."

ती म्हणायची, "येऊ द्या की. जेवू घालीन."

हे ती हसून म्हणायची नाही, हीच अडचण होती.

लोकांनी अशी भांडी जमवली की कपाटात कुलूप लावून ठेवतात. तिनं तसं केलं नाही. वर्षातून एकदा, नव्या इंद्रायणीचा भात निघाला की ती आवतण द्यायची. एका बंगल्यातून आणलेलं लांबलचक टेबल पुढच्या खोलीत मांडायची, त्याच्यावर धुतलेली चादर, आणि बारा बायका बोलवायची. सगळ्या बंगल्यांत राबलेल्या. दारूच्या काचेच्या सुरईत मठ्ठा, केकच्या उंच स्टँडवर गुळाच्या पोळ्या, बर्फाच्या डब्यात कांदा-लिंबू. आणि ताटली मात्र ज्या बाईनं जी जन्मभर घासली तीच तिच्यापुढं. तोच तिचा हट्ट होता. शेजारची तुळसा पहिल्या वर्षी तिच्या निळ्या फुलांच्या ताटलीपुढं बसली आणि हातच लावेना.

"अगं जेव की."

"वैनी, ही बाईसाहेबांची. हिला खरकटा हात लागला तरी ओरडायच्या. मी हिच्यात कशी जेवू?"

"किती वर्सं घासलीस?"

"एकोनीस."

"मग तुझीच हाय. जेव गप."

तुळसा जेवली. पण मधेच मागं वळून बघितलं. मग दुसरीनं बघितलं. पुढं दर वर्षी हे व्हायचं. जेवता जेवता एखादी बाई दचकून मान फिरवायची. एकदा तुळसानं सरळ सांगितलं, "भाऊ, माझ्या पाठीमागं कुनीतरी उभं ऱ्हायल्यावानी वाटतंय. आमी ऱ्हायचो तसं. ताट कवा उचलायचं, वाट बघत." बाकीच्या हसल्या नाहीत. फक्त चिमा हसली. चिमा ही आंदर मावळातली ठाकराची बाई, अंजिराची जुनी मैत्रीण, आधी बंगल्यात राबलेली, आता मोळी आणि रानभाजी घेऊन यायची. ती म्हणाली, "उभं ऱ्हाऊ दे की मग! भांडी बी घासून जा म्हनावं." त्यावर टेबल हादरेपर्यंत हसल्या सगळ्या. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. हसणं थांबल्यावर कपाटातला एकच ग्लास बारीक वाजत राहिला होता, तेवढा मला आवडला नाही.

अंजिरा स्वतः त्या टेबलावर कधी बसली नाही. वाढत फिरायची. हे मी बघत होतो, आणि बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आता तेराव्याचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथं झाला. आमच्या भावकीत गेलेल्या माणसाचं वापरातलं ताट आणि तांब्या तेराव्याला दान देतात. बाई असली तर माहेरचा माणूस नेतो. अंजिराचा धाकटा भाऊ ज्ञानू आंदर मावळातून आला होता. एसटी चुकली म्हणून दोन डोंगर चालत. पाटावर बसला, पुढं कोरं धोतर, तांब्या. आणि भटजी म्हणाले, "आबा, बाईंचं ताट आणा."

मी उठून कपाटापुढं गेलो. तीन कपाटं, त्यात पन्नास-साठ तरी ताटल्या असतील. आणि मला कळेना की ह्यातली तिची कुठली.

बेचाळीस वर्षं एका घरात. ह्या बाईला मी जेवताना बघितलेलंच नव्हतं. मी जेवायचो, उठायचो, ओट्यावर जाऊन पान लावायचो. ती मागून कधीतरी जेवत असणार. कशात जेवते, काय जेवते, पोटभर जेवते का, हे मी एकदाही विचारलं नाही. बंगल्यातल्या मेलेल्या माणसांची ताटली कुठली ते तिला पाठ होतं, आणि माझ्या जित्या बायकोची कुठली ते मला ठाऊक नव्हतं. मागं भावकी बसलेली. कुणीतरी म्हणालं, "काय झालं ओ?" माझी कानशिलं तापली. मी सगळ्यात वरची, गुलाबाच्या फुलांची ताटली उचलली आणि मोठ्यानं म्हणालो, "ही घ्या. ह्यातच जेवायची ती."

खोटं बोललो. तिच्या तेराव्याला, सगळ्यांदेखत.

आठव्या दिवशी ज्ञानू परत आला. टॉवेलात गुंडाळलेली ताटली त्यानं माझ्यापुढं ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "दाजी, ही आक्काची न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. पन हिच्यात वाढलं की गार व्हतंय. तव्यावरनं भाकर टाकली तरी हात लावस्तोवर गार. कालवन गार. बायको म्हनती, पंगतीला कुनीतरी परकं बसतंय. पोरं जेवंनात."

"चिनी माती गार असतीच, येड्या."

"आसंल. पन आक्काचं आसतं तर गार पडलं नसतं." मग खाली बघून म्हणाला, "दाजी, खरं सांगा. तुमास्नी म्हाईत हाय का तिचं कंचं?"

मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. ती गुलाबाची ताटली घाटाच्या तोंडावरच्या बंगल्यातल्या एका म्हातारीची होती. तिच्याकडं कुणी येत नसे. ती रोज दोन माणसांचं मांडून एकटी जेवायची, एवढं अंजिरानं मला एकदा सांगितलं होतं. "शोधून ठिवतो," मी ज्ञानूला म्हणालो. "महिन्याच्या दिवशी ये."

मग मी शोधायला लागलो. कसं शोधणार? मी ज्ञानूचंच धरलं. रोज दुपारी कपाटातून पाच-सहा ताटल्या काढायचो, भाकरी भाजायचो, आता येते मला, आणि तव्यावरची भाकरी पहिल्या ताटलीत टाकून तिच्यावर हात ठेवून बसायचो. गार पडली की दुसरीत नवी. कुणी बघितलं असतं तर म्हातारा बिघडला म्हटलं असतं. पण ज्ञानू खोटं बोलत नव्हता. भाकरी गार पडायची, लगेच पडायची, दरवाजा उघडा असल्यासारखी. आणि प्रत्येक ताटलीचं गारपण वेगळं होतं, हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. एका ताटलीवर हात ठेवला की उगाच पाठ ताठ करून बसावंसं वाटायचं. एका छोट्या ताटलीवर, एका बंगल्यातली लहान पोर वारली होती तिची ती, मला इतकी भूक लागली की मी तिथंच ती भाकरी कोरडीच खाल्ली, आणि पोट भरलं नाही. दिवस असायचा, ऊन असायचं, रस्त्यावर हॉटेलच्या गाड्यांचे हॉर्न, आणि मी खोलीत पाठीमागं न बघायचं ठरवून बसलेला. तुळसाला मागं काय जाणवायचं ते मला तेव्हा कळलं. वाट बघत उभं राहिलेलं असायचं काहीतरी. रागानं नाही. ताट उचलायला.

सगळ्या ताटल्या झाल्या. एकीतही भाकरी गरम राहिली नाही. मला वाटलं, एकतर हे सगळं माझ्या डोक्यातलं खूळ, नाहीतर अंजिराचं ताट मीच कधीतरी रागात फोडून बसलोय आणि ती बोलली नाही. हे दुसरं वाटलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

महिन्याच्या दिवशी मी तिच्यासारखंच टेबल मांडलं. बारा बायकांना बोलवलं. स्वयंपाक तुळसानं केला, मांडणी मी. ताटल्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या, कुणाची कुठली मला कुठं ठाऊक. पण एकेक बाई येत गेली आणि काही न विचारता आपली ताटली त्या चळतीतून काढून घेऊन बसत गेली. बारा जणी बसल्या. ज्ञानू दारात उभा. मी टेबलाच्या टोकाला उभा राहिलो, तेराव्याला बोललो होतो तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो, "बायांनो, मी तेराव्याला खोटं बोललो. तिचं ताट मला ठाऊक न्हाई. कुनी बघितलंय का तिला जेवताना?"

सगळ्या आपापल्या ताटलीकडं बघायला लागल्या. त्यांच्या घरीही तेच असणार, त्यांनाही कुणी जेवताना बघितलेलं नसणार, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं. मग चिमानं हातातला घास खाली ठेवला.

"म्या बघितलंय. मागल्या दारी मोळी टाकली की मी तितंच बसायची. तुमी पान लावाया वट्यावर गेलात का ती जेवायची."

"कशात?"

"आवं, कशात म्हंजी? तुमच्याच ताटात की! तुमी उठलात का तुमच्याच पाटावर बसायची, ताट नुसतं अर्धं फिरवून घ्यायची, आनि त्यातच वाढून घ्यायची."

"इतकी भांडी घरात, आन माझ्या उष्ट्यात?"

"म्या बी इचारलं. तर म्हनली, चिमे, ही समदी भांडी लोकांची हायती, गार पडल्याली. ह्यांचं ताट तेवढं ऊन असतंय."

मला एकदम तिचं एक बोलणं आठवलं. आमच्यात जेवण झालं की माणूस ताटातच हात धुतो. माझा बाप धुवायचा, मी धुवायचो. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ती म्हणाली, "ताटात हात धू नका, न्हाणीत धुवा." मी तिला टोमणा मारला होता, "बंगल्यात जाऊन मेमसाब झालीस व्हय?" मी न्हाणीत हात धुवायला लागलो आणि बेचाळीस वर्षं असंच समजत राहिलो की ही बंगल्यातली रीत. तिला त्या ताटात जेवायचं होतं म्हणून ती सांगत होती. एवढं साधं. सरळ सांगितलं असतं तर मी हसलो असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन माझं ताट घेऊन आलो. जाड, पांढरं, कडेला सोन्याच्या पाण्याची रेघ, कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातलं. हे तिनं संसाराच्या सुरुवातीलाच आणलेलं. सगळी ताटं मी तपासली, हे एक सोडून, कारण हे माझं होतं ना. खिडकीच्या उजेडात धरलं. सोन्याची रेघ एका जागी पुसलेली होती, जिथं मी डाव्या हातानं ताट धरतो तिथं. आणि तिच्या बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला, तेवढीच पुसलेली होती. बोटं बारीक असणार, म्हणून जागा थोडी लहान.

तुळसा तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "अगं बाई! म्हंजी भाऊ महिनाभर मयताच्या ताटात जेवतायत. ते घरात ठेवू नका, आजच देऊन टाका." तिचं चुकलं नाही. आमच्यात तसं करतच नाहीत, आणि मलाही क्षणभर ते ताट हातातून टाकून द्यावंसं वाटलं. ज्ञानू पुढं आला, दोन्ही हात पसरले.

"द्या दाजी. आता तरी आक्काला मोकळी करा."

"देनार न्हाई."

"आसं कसं? रीत हाय."

"रीत मयताच्या ताटाची हाय ना? ह्या ताटाला दोन धनी. त्यातलं एक अजून जेवतंय. मी गेलो का ये, दोघांचं मिळून एकच ने. तुला वझं बी कमी."

ज्ञानूला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. त्यानं तांब्या तेवढा नेला. बायकांना मी सांगितलं, आपापली ताटली घरी न्या. तुळसानं निळ्या फुलांची पदरात गुंडाळून नेली. चिमा म्हणाली, "माझ्या झोपडीत कुटं ठिवू? हितंच ऱ्हाऊ दे. मी येते की जेवाया." गुलाबाची ताटली मी पुन्हा कपाटात ठेवली, पण आता एकटी नाही, शेजारी दुसरी लावून.

ह्याला आता काही आठवडे झाले. मी माझ्या बाजूनं जेवतो. ताटात हात धुत नाही. जेवण झालं की ताट अर्धं फिरवतो, तिच्या बाजूला भाकरीचा चतकोर आणि थोडं कालवण वाढतो, आणि ओट्यावर जाऊन बसतो. पान लावतो, चघळतो, रस्त्यावरच्या गाड्या बघतो. घाई करत नाही, तिनं कधी घाईनं जेवावं असं मला आता वाटत नाही. आतून कधी काही वाजत नाही. चांगला अर्धा तास गेला की उठून आत येतो. वाढलेलं सगळं तसंच असतं, भाकरीला बोट लागलेलं नसतं. मी वाकून ताटाच्या पलीकडच्या कडेला हात लावतो, रेघ पुसलीय तिथं.

ऊन असतं.